वाइन आवडत नाही म्हणणाऱ्या माणसाचे सहा ग्लास

ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी अवतार. बोलताना मी जिथे जिथे अडखळलो, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगतो. पहिली, आजचा विषय वाइन आहे आणि महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ आहे. त्यामुळे त्याखालच्या मंडळींनी हा एपिसोड विज्ञान म्हणून ऐकावा, पुष्कळ विज्ञान आहे यात. दुसरी, ही जाहिरात नाही. कुणी पैसे दिलेले नाहीत. उलट टेस्टिंगचं तिकीट मी माझ्या खिशातून काढलं आणि पुणे-नाशिक रस्त्यावर चार तास कंबर मोडून घेतली ती वेगळीच.

तर, माझं आणि वाइनचं कधी जमलं नव्हतं. पहिल्या नोकरीत असताना ऑफिसच्या पार्टीत कुणीतरी कागदी कपात रेड वाइन ओतून दिली होती. मे महिना, गच्चीवरची पार्टी, वाइन जवळजवळ कोमट. एक घोट घेतला आणि वाटलं, सर्दीचं औषध आणि कच्ची सुपारी एकत्र वाटून दिलीय. तेव्हापासून मी ठरवून टाकलं की वाइन हे लोकांनी आवडल्यासारखं दाखवायचं प्रकरण आहे.

पण गंमत म्हणजे मी द्राक्षाच्या गावातला. माझं आजोळ निफाड तालुक्यात. मामाची द्राक्षबाग. उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी बेदाण्याच्या आणि फवारणीच्या औषधांच्या वासात काढल्यात. २००६ साली मामाने थॉमसनच्या बागेशेजारी एक एकर वेगळी द्राक्षं लावली होती. वाइनची. एका कंपनीशी करार झाला होता. आम्हा पोरांना ती द्राक्षं आवडायची नाहीत. मणी बारीक, साल जाड, आत बिया. मामा त्याला "शेनीनचा प्लॉट" म्हणायचा. दोन-तीन हंगाम बरे गेले. मग पैसे उशिरा यायला लागले, मग कंपनीने माल उचलणंच थांबवलं. २०१० च्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून ती बाग काढली. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. मांडवाच्या तारा गुंडाळायला मीही होतो. त्यानंतर आमच्या घरात त्या एकराबद्दल कुणी बोललं नाही.

म्हणून टीममधल्या मित्राने नाशिकला एका वाइन टेस्टिंगला जाऊ म्हटल्यावर मी आधी नाहीच म्हणालो होतो. मग म्हटलं, चला, एकदा बघू तरी. मामाच्या द्राक्षांचं पुढे काय होत होतं ते.

टेस्टिंग म्हणजे पिणं नाही

आम्ही बाराजण होतो. लांब टेबल, प्रत्येकासमोर सहा ग्लास, पाण्याची बाटली, साधी बिस्किटं आणि एक स्टीलचं भांडं. ते भांडं थुंकायला. मला वाटलं चेष्टा आहे. पण वाइन शिकवणारी ताई, दिंडोरीकडची होती, बोलण्यावरून लगेच कळलं, ती म्हणाली, "दादा, चाखून थुंकलं तरी चालतं. चव तोंडात कळते, पोटात नाही कळत."

प्रत्येक ग्लासात साधारण ३० मिलिलिटर. आता इंजिनिअर असल्यामुळे मी लगेच हिशोब केला. सहा ग्लास म्हणजे १८० मिलिलिटर. वाइनमध्ये साधारण १३ टक्के अल्कोहोल. म्हणजे सगळं गिळलं तर साडेतेवीस मिलिलिटरच्या आसपास शुद्ध अल्कोहोल, वजनात अठरा ग्रॅम. थोडं-थोडं वाटतं, पण एक मोठा ग्लास वाइन पोटात जाते. तेव्हा गाडीची चावी आधीच त्या मित्राकडे द्या जो पीत नाही. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, पण ती गाठायची की नाही हा प्रश्नच मनात आणू नका.

ताईने चाखायची पद्धत सांगितली ती अशी. ग्लास दांडीला धरायचा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन गरम होत नाही. आधी रंग बघायचा. मग ग्लास गोल फिरवायचा, त्याने वास मोकळा होतो. मग नाक आत घालून वास घ्यायचा. आणि मग छोटा घोट, तो सगळ्या तोंडात फिरवायचा. वासाचा भाग मी आधी ढोंग समजत होतो. पण सर्दी झाल्यावर जेवण बेचव का लागतं? कारण ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. पेरू, लिंबाची साल, मिरी हे सगळं नाकाचं काम.

पहिला ग्लास: सोव्हिन्यों ब्लांक

फिकट, जवळजवळ पाण्यासारखी. वास घेतला आणि मी म्हणालो, "ही तर ढोबळी मिरची आहे!" सगळे हसले. ताई हसली नाही. म्हणाली, "बरोबर आहे दादा." या द्राक्षात पायराझीन नावाच्या गटातली संयुगं असतात आणि तीच ढोबळी मिरचीतही असतात. म्हणजे वाइनमध्ये कुणी मिरची टाकत नाही, पण तुमचं नाक खोटंही बोलत नाही.

घोट घेतला. आंबट. पण दात आंबवणारी नाही, लिंबू सरबतासारखी तोंडाला पाणी सुटवणारी. द्राक्षातलं मुख्य आम्ल म्हणजे टार्टारिक आम्ल. आणि हे आम्ल भरपूर प्रमाणात आणखी कशात असतं माहितीये? चिंचेत. आमटीत चिंच घालून मोठी झालेली आपण माणसं, आपल्याला या आंबटपणाची भीती वाटायचं कारणच नाही.

इथेच एका शब्दाचा गोंधळ सोडवून टाकतो. "ड्राय" वाइन म्हणजे कोरडी नाही. ड्राय म्हणजे साखर जवळजवळ उरलेली नाही. यीस्ट द्राक्षातली साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं. सगळी साखर खाऊन संपवली तर वाइन ड्राय. मध्येच थांबवलं तर थोडी गोडी उरते.

दुसरा ग्लास: शेनिन ब्लांक

ताईने नाव घेतलं आणि माझा हात थांबला. शेनिन. शेनीनचा प्लॉट.

मला इतकी वर्षं वाटत होतं की ते मामाच्या बोलण्यातलं काहीतरी गावठी नाव आहे. ते फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातलं द्राक्ष निघालं. दक्षिण आफ्रिकेत खूप लावलं जातं आणि आपल्याकडे नाशिकच्या व्हाइट वाइनमध्ये सगळ्यात ओळखीच्या नावांपैकी एक.

वास घेतला. पिकलेला पेरू, थोडा अननस. घोट घेतला तर सुरुवातीला हलकी गोडी आणि मागून आंबटपणा, दोन्ही एकमेकांना धरून. पन्ह्यात गूळ आणि कैरी जशी तोलून असते, तसं. मी ग्लास संपवला. थुंकलो नाही. सहा ग्लासांतला हा एकच मी पूर्ण प्यायलो.

ताईला विचारलं, नाशिकला हे जमतं कसं? द्राक्ष तर थंड देशातलं. तिने सांगितलं आणि मला मामाचं कॅलेंडरच आठवलं. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वर्षातून एकदा छाटणी आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काढणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून छाटणी दोनदा. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. काढणी जानेवारी ते मार्च. म्हणजे फळ पिकतं ते आपल्या थंडीत. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, दिवसा ऊन आणि रात्री गारवा. दिवसाच्या उन्हाने साखर वाढते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. दोन्ही टिकलं तर वाइन चांगली.

खायच्या द्राक्षात आणि वाइनच्या द्राक्षात फरक काय, हेही तेव्हा उमगलं. खायच्या द्राक्षाला मणी मोठा हवा, साल पातळ हवी, बी नको. त्यासाठी मामा घड जीएच्या द्रावणात बुडवतो, विरळणी करतो. वाइनला उलटं हवं. मणी लहान, साल जाड, कारण रंग, वास, तुरटपणा हे बरंचसं सालीत असतं. आम्ही पोरं ज्याला भिकार द्राक्षं म्हणायचो ती भिकार नव्हती. आमच्यासाठी नव्हती, एवढंच.

तिसरा ग्लास: रोझे

गुलाबी रंगाची, झिनफँडेल द्राक्षाची. मला वाटायचं रेड आणि व्हाइट मिसळून रोझे करतात. साधारणपणे तसं नसतं. काळी द्राक्षं घ्या आणि एक मणी सोलून बघा. आतला गर बहुतेक वेळा पांढराच असतो. रंग सालीत. व्हाइट वाइन करताना द्राक्षं आधी पिळतात आणि साल बाजूला काढून फक्त रस आंबवतात. रेड करताना सालीसकट आंबवतात. रोझेसाठी साल काही तासच रसात ठेवतात आणि काढून घेतात. चहाच्या पिशवीसारखं समजा, किती वेळ बुडवली त्यावर रंग. चव स्ट्रॉबेरीसारखी, हलकी. वाईट नव्हती, पण मन अजून मागच्या ग्लासातच होतं.

चौथा ग्लास: शिराझ

आता रेड. मी मनातल्या मनात सर्दीच्या औषधाची तयारी केली.

पहिला धक्का म्हणजे ग्लास थोडा थंड होता. रेड वाइन "रूम टेंपरेचरला" प्यावी असं सगळे सांगतात. पण ती रूम युरोपातली, १५ ते १८ अंशांची! आपल्या मे महिन्यातल्या गच्चीचं तापमान ३५. कोमट झाल्यावर वाइनमधलं अल्कोहोल नाकात घुसतं आणि बाकी सगळं झाकून टाकतं. म्हणजे त्या पार्टीतल्या वाइनला मी इतकी वर्षं ज्यासाठी शिव्या दिल्या, त्यात निम्मा दोष उन्हाचा होता. आपल्याकडे रेडसुद्धा प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. व्हाइट आणखी थंड, ८ ते १२ अंशांच्या आसपास.

दुसरा धक्का वासाचा. जांभूळ, आणि त्याच्या मागे सरळ काळी मिरी. इथेही तेच. शिराझमध्ये रोटंडोन नावाचं संयुग असतं आणि काळ्या मिरीचा वासही त्याचाच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे २००८ मध्ये शोधून काढलं. मजा म्हणजे काही लोकांच्या नाकाला रोटंडोन कळतच नाही. आमच्या टेबलावर एकाला शेवटपर्यंत मिरी सापडली नाही आणि तो आम्हाला ढोंगी समजत राहिला. ना तो खोटा, ना आम्ही.

मग तुरटपणा. रेडमध्ये जीभ जी कोरडी पडते ना, ती टॅनिनमुळे. टॅनिन सालीतून, बियांतून येतं. ते आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं. जांभूळ खाल्ल्यावर होतं ते, कच्चं केळं चावल्यावर होतं ते, हेच. या शिराझमध्ये टॅनिन मऊ होतं. मला आवडली. मी मित्राकडे बघितलं तर तो विजयी चेहऱ्याने बसला होता, त्यामुळे मी ते त्याला लगेच सांगितलं नाही.

पाचवा ग्लास: कॅबर्ने सोव्हिन्यों

ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली. व्हॅनिला, धूर, गडद रंग. आणि टॅनिन इतकं की जीभ टाळूला चिकटली. मी भांड्याकडे हात नेला. ताईने थांबवलं आणि चीजचा तुकडा दिला. "हा खा, मग परत घोट घ्या."

खरंच फरक पडला. खरखर निम्म्यावर आली. कारण टॅनिनला चिकटायला आता चीजमधली प्रथिनं मिळाली, त्याने माझी लाळ सोडली. हा प्रयोग तुम्ही रोज करता. कोरा चहा जास्त उकळला तर तुरट होतो, दूध घातलं की तुरटपणा जातो. तिथेही टॅनिनसारखीच संयुगं आणि दुधातली प्रथिनं. म्हणूनच दणकट रेडबरोबर मटण, चीज चालतं. आणि म्हणूनच झणझणीत मिसळीबरोबर ही वाइन घेऊ नका. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं आणि तुरटपणाही बोचतो. तिखटाबरोबर थोडी गोडसर, थंड शेनिन बरी.

तरीही कॅबर्ने मला आवडली नाही. हेही सांगायला पाहिजे. महाग आहे म्हणून आवडलीच पाहिजे असं काही नसतं.

सहावा ग्लास: गोड

शेवटी उशिरा काढलेल्या शेनिनची डेझर्ट वाइन. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवली की साखर वाढते. मधासारखी. ही शेवटी का? कारण गोड आधी प्यायलात तर पुढची प्रत्येक वाइन आंबटढाण लागेल. लाडू खाऊन चहा प्यायल्यासारखं. म्हणून क्रम ठरलेला असतो: हलकी आधी, जड नंतर. व्हाइट आधी, रेड नंतर. गोड सगळ्यात शेवटी.

तज्ज्ञांचंही चुकतं

तुम्ही म्हणाल, हे सगळं मनाचे खेळ असतील. काही अंशी आहेत! २००१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी नाकाला फसवलं. यातून मी एवढंच घेतलं की दुसऱ्याने सांगितलेलं वर्णन वाचून चाखू नका. आधी स्वतः चाखा, फोनच्या नोट्समध्ये स्वतःच्या शब्दांत लिहा, मग लेबल वाचा. माझ्या नोट्समध्ये "पेरू", "पन्हं", "मिरी", "जांभूळ", "जळका पाट" असे शब्द आहेत. चालतात.

आणि एक स्पष्ट बोलतो. "रेड वाइन हृदयाला चांगली" असं कुणी म्हणालं तर त्या भरवशावर पिऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सरळ सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. जो पीत नाही त्याने सुरू करायचं काही कारण नाही. जो घेतो त्याने कमी घ्यावी, लक्ष देऊन घ्यावी.

आणि मग मामा

निघताना मी एक शेनिनची बाटली घेतली. गाडीत बसल्यावर आठवलं की मामा माळकरी आहे. दरवर्षी वारी करतो. त्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. ज्याने चार वर्षं वाइनची द्राक्षं पिकवली, त्याने वाइन कधी बघितलीही नसेल, हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी फोन करून विचारलं. न विचारता नेणं बरोबर नव्हतं. मामा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आण. पण घरात नको. मामीला आवडायचं नाही. शेडवर बघू."

शेडमध्ये, द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटवर बाटली ठेवली. त्याने लेबल हातात घेऊन वाचलं. म्हणाला, "शेनीन." मी ग्लासात थोडी ओतली आणि म्हटलं, "मामा, पिऊ नका. नुसता वास घ्या." त्याने ग्लास दांडीला नाही, मुठीत धरला. वास घेतला. परत घेतला.

"पेरू," तो म्हणाला. मी काहीच सांगितलं नव्हतं.

मग त्याने शेतकऱ्याचा प्रश्न विचारला. "काढताना ब्रिक्स किती होतं?" ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं एकक. मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "आम्ही बावीसच्या आत काढायचो. त्यावर गेलं तर आंबटपणा जातो म्हणायचे कंपनीवाले. सकाळी उजाडायच्या आत काढायचो, माल गरम व्हायला नको." हे सगळं त्याला पंधरा वर्षांनी पाठ होतं. मग त्याने बाटलीची किंमत विचारली. ७५० मिलिलिटरच्या बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात हे मी सांगितलं. त्याने मनात काहीतरी हिशोब केला, मला सांगितला नाही.

"माल वाईट नव्हता मग आपला," एवढंच म्हणाला.

"नव्हता, मामा."

त्याने ग्लासातली वाइन शेडच्या कडेला असलेल्या वेलीच्या बुडाशी ओतली, ग्लास नळाखाली धुतला आणि मला परत दिला. बाटली मी पुण्याला घेऊन आलो. उरलेली शेनिन मी आणि मित्राने दोन रविवारी मिळून संपवली, थंड करून, कांदाभजीबरोबर. आणि हो, शिराझ आवडली होती हे त्याला तेव्हा सांगितलं.

तर मंडळी, तुम्ही कधी चाखायला गेलात तर आवडलेला एक आणि न आवडलेला एक असे दोन ग्लास तुमच्या शब्दांत लिहा आणि मला पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये काही निवडक वाचून दाखवतो. तोपर्यंत गाडी चालवणाऱ्याला पाजू नका, पाणी भरपूर प्या आणि भेटत राहू. नमस्कार!